चारठाण्याच्या गोगलगायी

गोगलगायी पाळणाऱ्याला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. टाकीत एक गोगलगाय सोडा. एकच, तिला जोडीदारही लागत नाही. दोन महिन्यांनी बघाल तर काचेला, पालकाच्या देठाला, जिथं तिथं अंड्यांचे लिबलिबीत पुंजके. आमच्या खोलीत किस्स्यांचं तसंच झालं. घरी पाहुणे आले की चहाबरोबर मी ते सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. त्यातला एक मात्र मी नेहमी अर्धाच सांगतो. आज पूर्ण सांगायचं म्हणतोय, बघू जमतं का.

परभणीत जनावरांच्या जंतांवर काम करणारी आमची छोटी प्रयोगशाळा. माणसं चारच. रत्नपारखी मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली, निखत पीएचडी करणारी, आणि बसलिंगअप्पा शिपाई. शिपाई आपलं कागदावर. खोलीची किल्ली अप्पांकडं, टाक्यांचं पाणी अप्पांकडं, आणि ते पाणी कधी बदलायचं हेही अप्पाच ठरवणार. मॅडमसुद्धा विचारून हात लावायच्या.

गोगलगायी कशाला, असं सगळेच विचारतात. सांगतो. म्हशीच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, लिव्हर फ्लूक नावाचा पानासारखा चपटा जंत होतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. त्यातून डोळ्यांना न दिसणारं पिल्लू निघतं, आणि त्याला दिवसभरात गोड्या पाण्यातली गोगलगाय सापडली नाही तर ते मरतं. सापडली तर तिच्या अंगात शिरून एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात, आणि म्हैस ते गवत खाते. गोगलगाय नसेल तर जंतही नाही. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो.

*

एकदा वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. त्यांच्याकडं एक फॉर्म होता. जनावराचं नाव, संख्या, नर किती, मादी किती.

मॅडम म्हणाल्या, "यांच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते."

"मॅडम, रकाना आहे. रिकामा ठेवता येत नाही."

"मग दोन्हीकडं पूर्ण संख्या लिहा."

"बेरीज दुप्पट होईल ना मग."

मॅडम दमल्या आणि चहा सांगायला उठल्या. साहेबांनी तेवढ्यात अप्पांना बाजूला घेतलं. अप्पांनी क्षणभर टाकीकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "सायेब, काचेवर चढलेल्या नर धरा, तळाला बसलेल्या मादी. संध्याकाळी आलात तर उलटं लिहा."

साहेबांनी खरंच तसं मोजून लिहिलं. फॉर्म मंजूर होऊन आला. आम्ही पोट धरधरून हसलो. मॅडम हसताना चष्मा काढून कुठंतरी ठेवायच्या आणि मग तो मी शोधून द्यायचो. आता त्या रिटायर होऊन पुण्याला मुलाकडं असतात. सणावाराला फोन होतो. तब्येत विचारतो, नातवंडं विचारतो. गोगलगायींचा विषय दोघंही काढत नाही.

*

अप्पांची पालक घ्यायची तऱ्हा बाजारात प्रसिद्ध होती. शुक्रवारी सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, हातात कापडी पिशवी, असे ते भाजीच्या ओळीतून चालायचे आणि प्रत्येकीला एकच प्रश्न, "फवारलेली हाय का?"

एका म्हातारीनं विचारलं, "कामून वो अप्पा, घरी लेकरं किती हायत तुमच्या?"

"तीनशे," अप्पा म्हणाले.

म्हातारीनं दोन जुड्या जास्तीच्या टाकल्या आणि पैसे घ्यायला नको म्हणाली.

खोलीवर आल्यावर ती भाजी तीन पाण्यांनी धुवायची, आणि टाकीत टाकायच्या आधी एक पान अप्पांनी स्वतः चावून खायचं. मग तासभर थांबायचं. आपल्याला काही झालं नाही की मग गोगलगायींना. निखतनं एकदा समजावलं, "अप्पा, तुमाला काही झालं न्हाई म्हणजे त्यांना होणार न्हाई असं नसतंय. त्यांचं अंग निराळं, आपलं निराळं."

"बाई, आपण आधी खाल्ल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घास घालू नाही."

 निखतनं घड्याळात तास लावला. मी मात्र त्यांची टिंगल केली, "अप्पा, तुम्हीच एक दिवस टाकीत उतरा," म्हणालो. एवढं जपणारा माणूस मी नंतर दुसरा बघितला नाही, आणि त्याची टिंगल करण्यात माझी नोकरीची चांगली वर्षं गेली.

*

निखत पूर्ण्याची. वडील रेल्वेत. रोज सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. गावोगावच्या तळ्यांतून, ओढ्यांतून गोगलगायी गोळा करायचं काम तिचंच. एकदा ती चारठाण्याला गेली आणि तिथल्या एका जुन्या बारवेतून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतून, स्टीलच्या डब्यात गोगलगायी घेऊन एसटीनं परत निघाली.

शेजारी एक काकू बसलेल्या. दुपारची वेळ. काकूंनी भाकरीचं फडकं सोडलं, निम्मी भाकरी निखतच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तू बी काढ की गं डबा."

निखत घाबरली. डबा उघडला असता तर गाडीत हाहाकार. तिनं चटकन सांगून टाकलं, "काकू, माझा रोजा हाय."

काकूंनी तिच्याकडं नीट बघितलं. "रमजान तर मागल्या महिन्यात झाला ना गं पोरी?"

आम्हाला हे सांगताना ती हसत होती, आम्हीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तिनं चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सर, रोज्याच्या नावानं खोटं बोलले ना काल. आज खरा धरलाय." मला तेव्हा ते पोरकटपणाचं वाटलं.

*

त्याच डब्यातून आमचं नशीब आलं होतं. निदान निखतचं तरी.

आमची रोजची पद्धत साधी. छोट्या वाटीत एक गोगलगाय, वर जंताची पिल्लं सोडायची, आणि महिना-दीड महिना वाट बघायची. बाकी गावांच्या गोगलगायींतून वेळ झाली की जंत बाहेर पडायचे. चारठाण्याच्या काही गोगलगायींतून एकही बाहेर पडला नाही. निखतला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तेच.

मग मॅडमनी एक कापून मायक्रोस्कोपखाली धरली. जंताचं पिल्लू आत शिरलं होतं, पण गोगलगायीच्या रक्तातल्या पेशी त्याच्याभोवती चारी बाजूंनी चिकटल्या होत्या, थरावर थर. मध्ये पिल्लू मरून पडलेलं. मॅडम म्हणाल्या, "इतर गोगलगायींत हाच जंत असा काही बेमालूम राहतो की पेशींना तो परका आहे हेच कळत नाही. इथं मात्र ओळखला गेलाय."

आम्ही आळीपाळीनं बघितलं. शेवटी अप्पांना बोलावलं. त्यांनी टोपी काढून एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं.

"ही तर भावकी हाय," ते म्हणाले. "एरवी एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. भाईरचा आला की समदे गोळा."

निखतनं तेच वाक्य पुढं एका सेमिनारमध्ये जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढच्या रांगेतले मोठमोठे प्राध्यापक ते वहीत लिहून घेत होते.

आता सगळा प्रश्न एकच उरला. हा गुण आईकडून लेकीकडं जातो का? जात असेल तर पुढं कधीतरी अशाच गोगलगायी तळ्यात वाढवता येतील, आणि जंताला घरच मिळणार नाही. मॅडमची अट होती, तीन पिढ्या दाखव, मग पदवी. दोन पिढ्या झाल्या, दोन्ही जंताला पुरून उरल्या. तिसरी पिढी ज्वारीच्या दाण्याएवढी झाली होती. तिच्या आया आणि ती, सगळ्या एकाच टाकीत. निखतची शिष्यवृत्ती त्या वर्षाअखेर संपणार होती. टाकीवर तिनं कागद चिकटवला होता, "चारठाणा". अप्पा म्हणायचे, "निखत बाईच्या लेकी".

त्या दोन टाक्यांत वाटून, दोन खोल्यांत ठेवायला हव्या होत्या. मॅडमनी मला तसं सांगितलंही होतं. आज वाटू, उद्या वाटू, असं माझं चाललं होतं.

*

शेजारच्या टाकीत, जिथं आम्ही मुद्दाम जंत लावलेल्या गोगलगायी ठेवायचो, एक चांगली गलेलठ्ठ होती. अप्पांचा तिच्यावर जीव. तिला ते "शेठ" म्हणायचे. पालकाचं कोवळं पान शेठला, जुनं देठ बाकीच्यांना.

"बगा सर, कशी अंगानं भरलीय. खाल्लेलं अंगी लागायलंय."

मॅडमनी ऐकलं आणि सहज सांगितलं, "अप्पा, ती आजारी आहे. जंतानं आतून तिची अंडी घालायची ताकदच काढून घेतलीय. ते सगळं खाणं आता जंतासाठी चाललंय, म्हणून ती फुगलीय."

अप्पा दोन दिवस शेठजवळ फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सर, ज्याला दुखणं हाय त्याला मी जोमात हाय म्हणून कौतुक करायलो. आपल्याला कायच कळत न्हाई बगा." मग पुन्हा कोवळं पान तिलाच द्यायला लागले. म्हणाले, आजाऱ्याला तर जास्तच लागतं.

*

आमची गावोगावी शिबिरं व्हायची. माझं भाषण ठरलेलं. जनावरं डबक्याच्या काठाला चारू नका, वर्षातून दोनदा जंताचं औषध द्या, आणि मासे नसलेल्या डबक्यात मोरचूद टाका, गोगलगायी मरतात. "मोरचूद म्हणजे तांबं," मी पुढं सांगायचो, "तांब्याचा अंशही त्यांना सोसत नाही." हे वाक्य मी किती गावांत बोललो असेन, मोजदाद नाही.

एका गावात मागं बसलेली एक आजीबाई उभी राहिली. "म्हशीला औषध देता, मग गोगलगायीला कामून मारता? ती बी आजारीच हाय की. तिला कुनी इचारून जंत घातला का?"

लोक हसले. मीही हसून "बरोबर आहे आजी" म्हणालो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. निखत माझ्या शेजारी बसली होती, ती हसली नाही. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "सर, आपण तेच तर करायलोय. मारायचं नाही, अशी वाढवायची की तिला आजार होणार न्हाई. आजीला हे सांगायला पायजे होतं." गाडी तोपर्यंत बरीच लांब आली होती.

*

आता तो अर्धा सांगतो तो किस्सा.

वैशाख होता. परभणीचं ऊन काय असतं ते परभणीकरालाच ठाऊक. खोलीतला एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी येतो. लाईट तासतासभर गायब. चारठाण्याच्या टाकीचं पाणी कोमट व्हायला लागलं. आम्ही टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. मॅडम मीटिंगसाठी बाहेरगावी होत्या. निखतच्या घरी आजी आजारी, ती शुक्रवारी सकाळीच पूर्ण्याला परतली, जाताना अप्पांना तीनदा सांगून गेली, "अप्पा, पाणी गरम होऊ देऊ नका." मला मानवतला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. पुढं शनिवार, रविवार सुट्टी.

संध्याकाळी पाचला पिशवी घेऊन निघताना मी खोलीत डोकावलो. अप्पा स्टुलावर उभे होते. छताच्या हुकाला सुतळी बांधून त्यांनी टाकीच्या बरोबर वर अभिषेकपात्र टांगलं होतं. पिंडीवर असतं ते, बुडाला बारीक भोक असलेलं. वैशाखात महादेवाला उन्हाची तकलीफ होऊ नये म्हणून आपल्याकडं पिंडीवर अखंड धार धरतात, तशीच धार त्यांनी निखतच्या लेकींवर धरली होती. पात्र त्यांच्या घरच्या देवळातलं, तांब्याचं. चिंच लावून घासून सोन्यासारखं लखलखीत केलेलं. आत माठातलं गार पाणी. थेंब, थेंब, थेंब.

"कसं वाटतंय सर? दोन दिस मी हितंच झोपतो. पात्र रितं होऊ देत न्हाई."

मी काय केलं? मी चपला काढल्या आणि पात्राला हात जोडले.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात तांबं आलंच नाही. लहानपणापासून असं पात्र दिसलं की हात जोडायचे, एवढंच माहीत. वीस वर्षं गावोगाव मोरचूद सांगत फिरलेला माणूस मी. माझ्यासमोर महादेव होता, धातू नव्हता. "छान केलंत अप्पा," म्हणालो आणि मानवतची एसटी पकडली. लग्नात जेवणही पोटभर जेवलो.

*

सोमवारी मी पोहोचलो तेव्हा मॅडम आणि निखत आधीच आत होत्या. टाकीच्या तळाला सगळ्या पडल्या होत्या, आयाही आणि लेकीही. मान बाहेर लोंबलेली, शिंगं सैल. गोगलगाय मेली की शंखात जात नाही, बाहेरच राहते. वर पात्र अजून थेंब टाकत होतं. पाणी गार होतं, अगदी माठासारखं गार.

मॅडमनी बोट बुडवलं, वर बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तांबं."

निखत स्टुलावर बसली ती बसलीच. रडली नाही. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही शुक्रवारी होता ना? हे बघितलं नाही?"

"मी दुपारीच गेलो होतो, मॅडम. लग्न होतं," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. वळून बघतो तर अप्पा दारात, हातात पाण्याची घागर. तीन रात्री जागून डोळे लाल झालेले. त्यांनी ऐकलं का, मला कळलं नाही. त्यांची नजर टाकीकडं होती. ते म्हणाले, "मॅडम, माज्याकडून काय कमी पडलं? मी धार तुटू दिली न्हाई वो. एक घडीभर बी न्हाई."

मॅडम निखतकडं बघत राहिल्या. नुकसान तिचं होतं, सांगायचा हक्कही तिचाच. निखत उठली, अप्पांच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली आणि म्हणाली, "काही कमी पडलं न्हाई अप्पा. ऊन लय होतं. उन्हानं गेल्या."

आम्ही तिघांनी तेच धरून ठेवलं. पाहुण्यांना मी इथपर्यंतच सांगतो, आणि त्यातही तो नमस्कार गाळतो. लोक म्हणतात, बिचारे अप्पा.

*

निखत पुन्हा चारठाण्याला गेली. मीही बरोबर होतो. बारव आटली होती. आम्ही तळाचा गाळ उकरला, ओल्या मातीत थोड्या जिवंत सापडल्या. तिनं त्या ओढणीत बांधून आणल्या, वाढवल्या, तपासल्या. सगळ्यांतून जंत बाहेर पडले. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो. तेच. तो गुण त्या बारवेतल्या काही मोजक्या गोगलगायींत होता, आणि त्या काही मोजक्या आम्ही उचलून आणल्या होत्या.

एके दिवशी वाट्या धुता धुता ती म्हणाली, "सर, मी त्यांना तिथंच राहू दिलं असतं तर?"

मी म्हणालो, "असा विचार करू नये." दुसरं काय म्हणणार होतो? खरं सांगायचं धाडस तर नव्हतंच.

शेवटी तिनं विषय बदलला. गोचिडांवरच्या औषधांची तुलना, असा कुणीही करील असा विषय. पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली. आता नांदेडला शिकवते, बरं चाललंय. मागं फोनवर म्हणाली, परदेशातल्या कुणीतरी अशाच गोगलगायींवर पिढ्यान्‌पिढ्यांचं काम छापलंय. "चांगलं केलंय सर, वाचा तुमी." मी अजून वाचलेलं नाही.

*

अप्पा रिटायर होऊन मानवतजवळ आपल्या गावी शेती बघायला लागले. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात सोयाबीनवर शंखी गोगलगायी तुटून पडल्या, या जमिनीवरच्या, मोठ्या. अप्पांचं कोवळं रान त्यांनी दोन रात्रींत साफ केलं. कृषी सहायक बांधावर आला आणि म्हणाला, अप्पा, कडेनं चुना आणि मोरचुदाचा पट्टा ओढा, गोगलगाय ओलांडत नाही, मरते.

अप्पांनी विचारलं, "कशाचं असतंय वो हे मोरचूद?"

"तांब्याचं."

हे मला अप्पांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. म्हणाली, मामा त्या दिवशी बांधावरून उठेचनात, पट्टाही ओढू दिला न्हाई. निखतला घेऊन या म्हणायलेत.

एका रविवारी आम्ही दोघं गेलो. अप्पा ओसरीवर बसले होते, थकलेले, पण भस्माचे पट्टे तसेच. सुनेनं पाणी दिलं. इकडचं तिकडचं काही न बोलता अप्पांनी विचारलं, "बाई, तांब्यानं गेल्या ना त्या?"

निखतनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "हौ अप्पा."

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"आन मला न्हाई सांगितलं."

"तुमाला वाईट वाटलं असतं अप्पा."

"वाईट तर आता बी वाटायलंय की. पर तवा सांगितलं असतं तर तवाच माफी मागितली असती. तुमी मागूच दिली न्हाई मला. इतकी वर्षं मी तुमच्या हातचा चहा पिलो, हसलो, आन तुमचं एवढं मोठं काम माज्या हातानं मोडलेलं." त्यांनी हात जोडले. "आता मागतो. माफ करा बाई."

निखतनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली, त्या सोमवारचं सगळं त्या ओसरीवर रडली. "राग नव्हता अप्पा तुमच्यावर," ती म्हणाली. "कधीच नव्हता. आम्ही तुमाला कधी सांगितलंच न्हाई तांब्याचं, तुमाला कसं कळणार? फक्त एवढंच वाटत राहतं, जाणता एक माणूस जरी त्या दिवशी खोलीत डोकावला असता तर. पात्र टांगताना कुणीच बघितलं न्हाई का हो?"

सून चहा घेऊन दारात उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पालकाचं पान चावून तासभर वाट बघायचे तेव्हा बघायचे तसं.

मग ते निखतला म्हणाले, "न्हाई बाई. सर तर दुपारीच गेल्ते."